तुमची लोकल किती डब्यांची?

दुपारी चारला बॅटरी डाऊन, दोन जिने चढलं की धाप, आणि ऑक्सिमीटर म्हणतो ९८ टक्के... ऑल ओके! मग घोडं पेंड खातंय कुठे? उत्तर तुमच्या रक्तात आहे, अगदी शब्दशः!

दुपारचे चार. एसी मस्त, समोर एक्सेल शीट, आणि डोळे आपोआप मिटायला लागलेत. बाजूच्या क्युबिकलमधून एक जांभई येते आणि साथीच्या रोगासारखी फ्लोअरभर पसरते. मग कॉफी मशीनपाशी गर्दी! तिथे प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार असतं. कुणाचा बॉस, कुणाची डेडलाइन, कुणाचा विरार फास्टमधला रोजचा दीड तास, तर कुणाची रात्री दोनपर्यंत पाहिलेली वेब सीरिज. सगळी कारणं खरी. पण त्यातल्या काही जणांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं आणि ते कुणीच सांगत नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नसतं.

मला ते पाहायला मिळालं बीकेसीतल्या एका ऑफिसात, रक्तदान शिबिरात. तिथली एक टेस्ट तुम्ही पाहिली आहे का? बोटाला सुई टोचतात, रक्ताचा एक थेंब घेतात आणि निळ्याशार पाण्यात सोडतात. हे पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. त्याची घनता अशी बेतलेली असते, की रक्तात १०० मिलिलिटरमागे साडेबारा ग्रॅम किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन असेल तर थेंब सरळ तळाला जातो. कमी असेल तर तो मध्येच लटकतो किंवा वर येतो. बुडाला तो पास, तरला तो नापास! आपल्या देशात रक्तदानासाठी ही साडेबाराची अट पुरुषांना आणि बायकांना सारखीच आहे.

त्या दिवशी रांगेत एकदम फिट दिसणाऱ्या मुली होत्या. जिमवाल्या, डाएटवाल्या, वीकेंडला सिंहगड चढून येणाऱ्या. आणि एकीमागून एक थेंब वर तरंगत होते. परत फिरताना एकीच्या तोंडून निघालं, ‘‘असं कसं? माझा ऑक्सिजन तर ९८ असतो!’’

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. कारण तिचा ऑक्सिमीटर खोटं बोलत नव्हता आणि मोरचुदाचं पाणीही नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे शोधायला निघाले आणि शाळेत ‘रक्त लाल का असते?’ या दोन मार्कांच्या प्रश्नात आपण केवढी सॉलिड गोष्ट गमावली, ते कळलं.

पाण्यावर भागत नाही

आधी थोडा हिशोब. आपण नुसते खुर्चीत बसलेलो असतानाही शरीराला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे दोन-अडीच कटिंगच्या ग्लासांत मावेल एवढा वायू. दुसरीकडे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. आता समजा, रक्त म्हणजे नुसतं पाणी असतं तर?

तर आपलं काही खरं नव्हतं. ऑक्सिजन पाण्यात विरघळायला जाम नखरे करतो. शरीराच्या तापमानाला एक लिटर रक्ताच्या द्रवभागात जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. पाच लिटरमागे पंधरा. गरज अडीचशेची! नुसत्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगायचं, तर हृदयाला मिनिटाला ८० लिटरच्या वर रक्त ढकलावं लागलं असतं. तेही तुम्ही नुसते बसलेले असताना. हृदय कसलं, सोसायटीचा पाण्याचा पंपच!

इथे एन्ट्री घेतो आपला हीरो, हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १५ असेल तर एका लिटर रक्तात जवळपास २०० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. कुठे तीन आणि कुठे दोनशे!

हे हिमोग्लोबिन लाल पेशींमध्ये ठासून भरलेलं असतं. एका पेशीत साधारण २७ कोटी रेणू. आणि ही लाल पेशी म्हणजे अस्सल मुंबईचा डबेवाला आहे. वाट्टेल तेवढे डबे वाहील, पण त्यातला घास स्वतः खाणार नाही. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरणारी जी यंत्रणा असते, ती लाल पेशी तयार होतानाच टाकून देते. स्वतःचं केंद्रकही टाकते. सगळी जागा मालासाठी मोकळी! अशी सुमारे १२० दिवस ड्युटी करून ती निवृत्त होते. तिची जागा घ्यायला अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी बनवत असते. हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर झाल्यासुद्धा.

चौथी सीट

हिमोग्लोबिनचा खरा फंडा पुढे आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत चार जागा असतात आणि प्रत्येक जागेवर लोहाचा एक अणू. एका अणूवर एक ऑक्सिजन. एका रेणूत चार प्रवासी.

आता बाल्कनीच्या गजाला पावसाळ्यात काय होतं, ते आठवा. लोखंड आणि ऑक्सिजन भेटले की गंज चढतो आणि मग लोखंड काही केल्या ऑक्सिजन सोडत नाही. रक्तातही तसंच झालं असतं, तर फुप्फुसात चढलेला प्रवासी कधी उतरलाच नसता. हिमोग्लोबिनची कमाल अशी, की त्याच्या प्रथिनाच्या घडीत लोह असं अलगद बसवलेलं असतं, की ऑक्सिजन त्याला टेकतो, पण गंज चढवत नाही. धरणं आणि सोडणं, दोन्ही जमतं.

लोकलच्या तीन जणांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मिळवणं म्हणजे काय असतं, हे सेंट्रल-वेस्टर्न-हार्बरवाल्यांना सांगायला नको. ‘जरा सरका’ म्हणायचं आणि अर्ध्या बुडाने, एक पाय पॅसेजमध्ये ठेवून ठाण्यापर्यंत तग धरायचा. हिमोग्लोबिनमध्ये बरोब्बर उलटं आहे! तिथे पहिल्या प्रवाशालाच बसायला कष्ट पडतात. पण तो बसला की अख्ख्या रेणूचा आकार थोडा बदलतो आणि दुसऱ्याला जागा मिळणं सोपं होतं. मग तिसऱ्याला आणखी सोपं. चौथ्याला तर जवळपास हात धरून बसवतात.

हा आकार बघायला माणसाला केवढे कष्ट पडले माहितीये? व्हिएन्नात जन्मलेला मॅक्स पेरुट्झ केंब्रिजमध्ये १९३७ साली हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून फोटो काढायला लागला. रेणूचा ढोबळ आकार हाती आला १९५९ साली. बावीस वर्षं एकाच रेणूच्या मागे! १९६२ साली जॉन केंड्र्यूबरोबर त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन वर्षांत तीन जॉब बदलणाऱ्या आपल्या पिढीने दंडवत घालावा अशी ही नोकरी.

उतरण्याची कला

चढणं ठीक आहे. पण योग्य स्टेशनवर उतरायचं कसं? रक्ताला नकाशा दिलेला नसतो. मेंदूला किती, पोटरीला किती, हे त्याला कोण सांगतं?

कुणीच नाही. स्टेशनच सांगतं.

फुप्फुसांत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे हिमोग्लोबिनच्या ९७-९८ टक्के जागा भरतात. शरीरातल्या पेशींपाशी पोचेपर्यंत हा दाब ४० वर आलेला असतो. तिथे ७५ टक्के जागा भरलेल्या राहतात. म्हणजे आपण निवांत असताना चारातला सरासरी एकच प्रवासी उतरतो आणि बाकीचे तिघे तसेच परत फुप्फुसांकडे जातात. वाया? अजिबात नाही. तो राखीव कोटा आहे. तुम्ही ८.१२ची लोकल पकडायला धावलात, की पायाच्या स्नायूंत दाब २० पर्यंत किंवा त्याच्याही खाली जातो आणि त्या राखीव कोट्यातलेही भराभर उतरतात.

इतकंच नाही. काम करणारा स्नायू गरम होतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, आम्ल तयार करतो. या तिन्ही गोष्टी हिमोग्लोबिनची पकड ढिली करतात. दादरला उतरताना आपल्याला स्वतःला काही करावं लागतं का? मागून येणारा लोंढाच आपल्याला फलाटावर नेऊन ठेवतो. तसंच हे. जिथे जास्त राबणं, तिथे जास्त उतरणं. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४ साली कोपनहेगनमध्ये ख्रिस्तियन बोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवला. आडनाव ओळखीचं वाटलं ना? अणूच्या रचनेवाला नील्स बोर याचाच मुलगा.

यात अजून एक खेळाडू आहे. लाल पेशीत बीपीजी नावाचा एक छोटा रेणू असतो. तो हिमोग्लोबिनच्या मधोमध पाचरीसारखा बसतो आणि ऑक्सिजन सोडायला मदत करतो. त्याचं हे काम १९६७ साली उजेडात आलं. शरीरात ऑक्सिजन कमी पडायला लागला की हा बीपीजी वाढतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण सगळी गोम यातच आहे.

९८ टक्क्यांचा घोळ

ऑक्सिमीटर आपल्या घरात शिरला तो २०२०-२१ च्या कोविडकाळात. त्याआधी तो फक्त हॉस्पिटलात दिसायचा. त्यामागचं तत्त्व मात्र बरंच जुनं आहे. जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरने ते १९७४ साली मांडलं होतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक असतं, सोडलेलं काळपट. बोटातून एक लाल आणि एक इन्फ्रारेड असे दोन किरण पाठवायचे आणि कोणता किती शोषला गेला, त्यावरून भरलेल्या जागांची टक्केवारी काढायची. त्या दोन वर्षांत या चिमट्याने कितीतरी जणांना वेळेवर हॉस्पिटलात पोचवलं. प्रश्नच नाही.

पण नीट वाचा. तो टक्केवारी सांगतो. आहेत त्या जागांपैकी किती भरल्या, एवढंच. मुळात जागा आहेत किती, हे तो सांगतच नाही!

मुंबईकरांसाठी सोप्पं करून सांगते. पंधरा डबा लोकल, बारा डबा लोकल आणि जुनी नऊ डबा लोकल. तिन्ही गाड्या ९८ टक्के भरल्या आहेत. ऑक्सिमीटरच्या लेखी तिन्ही सारख्याच. पण अंधेरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा!

रक्तातही अगदी तेच गणित. हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन. १२ असेल तर १६. ९ असेल तर १२. चिमटा तिघांनाही म्हणणार, ९८! शिबिरातल्या त्या मुलीचं कोडं इथे सुटतं. तिची गाडी खचाखच भरलेली होती, फक्त डबे कमी होते.

मग फलाटावरची गर्दी कशी आवरायची? डबे वाढवता येत नसतील तर फेऱ्या वाढवा. शरीर तेच करतं. हृदय जास्त वेळा धडधडतं, बीपीजी वाढतो, राखीव कोट्यातले प्रवासीही उतरवले जातात. म्हणूनच हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने हळूहळू घसरत गेलं, तर माणूस ते सहज ‘मॅनेज’ करून नेतो. खुर्चीत बसून कोडिंग करताना, मीटिंगमध्ये मान डोलावताना काही जाणवत नाही. लिफ्ट बंद पडली की जाणवतं. दोन जिन्यांत धाप लागते आणि आपण म्हणतो, ‘‘वजन वाढलंय यार, जिम लावायला पाहिजे.’’

आणि हे दोन-चार जणींचं दुखणं नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास. ‘ते गावाकडे असेल’ असं म्हणून सुटका नाही, कारण देशाच्या शहरी भागातही प्रमाण निम्म्याच्या वरच होतं. पुरुषांनी हसू नये. त्यांच्यातही चारातला एक! जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं, की तो ॲनिमिया.

सीट पकडून बसलेला दादा

डबे कमी असणं एक आणि डब्यात दादागिरी होणं दुसरं. कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. एकदा सीट पकडली की लवकर उठत नाही. वर आणखी एक दगा देतो. त्याच रेणूतल्या उरलेल्या जागांवरच्या ऑक्सिजनलाही तो उतरू देत नाही. म्हणून निम्मं हिमोग्लोबिन कमी असलेला माणूस कसाबसा का होईना, हिंडू-फिरू शकतो, पण निम्मं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलं, तर जीव धोक्यात येतो. वरकरणी दोन्हीकडे डबे निम्मेच. पण इथे चालू डब्यांचेही दरवाजे बंद!

हे पुस्तकी नाही. थंडीच्या दिवसांत बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळीला गेलेला तरुण माणूस बाहेरच आला नाही, अशा बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. खिडकी लावलेली, एक्झॉस्ट बंद, आत गॅस जळतोय. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. गरम पाण्यामुळे होत असेल असं वाटतं आणि दार उघडायच्या आत शुद्ध जाते. इथे साधा ऑक्सिमीटर चक्क फसवतो. कार्बन मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिनही लालभडक दिसतं, त्यामुळे आकडा नॉर्मल येऊ शकतो.

तुम्ही शेअरिंग फ्लॅटमध्ये किंवा पीजीमध्ये राहत असाल, तर आजच बघा. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत आहे का? नसेल तर मालकाशी भांडा. भांडण मिटेपर्यंत पाणी बादलीत भरून घ्या, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. कुणी बेशुद्ध सापडलं, तर आधी गॅस बंद, दारं-खिडक्या सताड उघडी, माणूस मोकळ्या हवेत आणि लगेच हॉस्पिटल. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर ते काम तास-दीड तासात होतं.

आणि हो, चहा-सुट्टावाल्यांनो, सिगारेटच्या धुरातही हाच दादा असतो. नियमित ओढणाऱ्याच्या हिमोग्लोबिनच्या साधारण ३ ते ८ टक्के जागा त्याने अडवलेल्या असतात. म्हणजे दर स्मोक ब्रेकला तुम्ही स्वतःच्याच गाडीत दोन-चार सीटवर रुमाल टाकून येता.

लेहला जाताय?

बुलेटवरून लडाख, हे आपल्या पिढीचं पंढरपूर झालंय. लेह साधारण ३,५०० मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो बरं का! कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे डबे तेवढेच, पण चढवायला मागून ढकलणारी गर्दीच नाही. चौथी सीट सोपी करणारी हिमोग्लोबिनची युक्ती इथे बऱ्यापैकी सांभाळून घेते. दाब बराच घसरला, तरी बहुतेक जागा भरतात. पण त्यालाही मर्यादा आहे. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे सेल्फीसाठी पळापळ केली की डोकं धरून बसायची वेळ येते.

शरीर जुळवून घेतं, पण त्याच्या वेळापत्रकाने. श्वास लगेच वाढतो. मूत्रपिंडं काही तासांत एरिथ्रोपॉइटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि ‘लाल पेशी वाढवा’ अशी ऑर्डर जाते. पण डबे कारखान्यातून बाहेर पडायला आठवडे लागतात. आपली रजा आठ दिवसांची! म्हणून विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस गुपचूप आराम करा. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल, तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

याच संप्रेरकाचं इंजेक्शन घेऊन सायकलपटू वर्षानुवर्षं शर्यती जिंकत होते. लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ साली काढून घेतली गेली, त्या डोपिंगमध्ये हेच एरिथ्रोपॉइटिन होतं. आणि डबे वाढले की नेहमी चांगलंच, असंही नाही. रक्त दाट होतं, गुठळ्यांचा धोका वाढतो.

ऑक्सिजन विकत घ्यावा का?

आता ऑक्सिजनचे कॅन मिळतात, ऑक्सिजनवालं पाणी मिळतं, पार्लरमध्ये ऑक्सिजन फेशियल मिळतं. तुमची फुप्फुसं ठीक असतील आणि तुम्ही मुंबई-पुण्यात असाल, तर तुमच्या ९७-९८ टक्के जागा आधीच भरलेल्या आहेत. उरलेल्या दोन टक्क्यांसाठी पैसे कशाला? पाण्यात किती विरघळतो, तो हिशोब वर झालाच. शिवाय पाणी पोटात जातं, फुप्फुसांत नाही. दीर्घ श्वसनाने मन शांत होतं, जरूर करा, पण त्याने गाडीला डबे लागत नाहीत. डबे लागतात लोहाने.

चहा, बीट आणि अळीव

आपल्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम. एका छोट्याशा खिळ्याएवढं! त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. शरीर हे लोह जपून, पुन्हा पुन्हा वापरतं. पण एक मिलिलिटर रक्त गेलं की साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. अन्नातून आपण रोज शोषतो जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर हा जमाखर्च वर्षानुवर्षं तोट्यात जातो. ‘आमच्या घरात सगळ्यांचंच असं’ म्हणून ते सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवण्यासारखीच गोष्ट आहे ती.

शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात शिरायला कां-कूं करतं. त्यातून आपण पोह्यांसोबत चहा पितो! चहातली टॅनिन्स लोहाला बांधून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. पोह्यांवर लिंबू पिळा, चहा तासाभराने प्या. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला आत घ्यायला मदत करतं. हा बदल फुकट आहे.

आणि बीट? बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, हा गोड गैरसमज आहे. त्यात लोह फारसं नाही. त्यापेक्षा आजीच्या डब्यातले अळिवाचे लाडू, मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाज्या बऱ्या. मांसाहारी असाल तर मटण आणि कलेजीतलं लोह जास्त सहज शोषलं जातं. मात्र हिमोग्लोबिन नऊ-दहावर आलं असेल, तर लाडवांवर भागत नाही. तिथे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच लागतात. त्या तीनेक महिने तरी घ्याव्या लागतात, कारण रिकामं झालेलं कोठारही भरायचं असतं. पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे पुन्हा तिथेच येतात.

रिपोर्ट हातात आला की...

सीबीसी नावाच्या साध्या रक्ततपासणीत हे आकडे बघा आणि मग डॉक्टरांशी बोला:

• हिमोग्लोबिन : तुमच्या गाडीचे डबे. स्त्रियांना १२, पुरुषांना १३ च्या खाली नको.

• एमसीव्ही : लाल पेशीचा आकार. लहान असेल तर बहुतेकदा लोह कमी. मोठा असेल तर बी-१२ किंवा फोलेट कमी असण्याची शक्यता. शुद्ध शाकाहारी मंडळींनी बी-१२ कडे खास लक्ष द्यावं.

• फेरिटिन : वेगळी तपासणी, कोठारातलं लोह. हिमोग्लोबिन घसरण्याआधी हे घसरतं.

• हिमोग्लोबिन बरं, पण एमसीव्ही बराच कमी : थॅलेसेमिया मायनर असू शकतो. तो आजार नव्हे, पण नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न ठरवताना पत्रिका बघता ना? मग हिमोग्लोबिन ए-टू ही एक तपासणीही बघा. गुण छत्तीस जुळले तरी!

• पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी आलं : नुसत्या गोळ्या नकोत. रक्त कुठून जातंय, ते डॉक्टरांना शोधू द्या.

आपल्या ऑफिसांत थकवा हा मेहनतीचा पुरावा मानला जातो. जो जास्त दमलेला, तो जास्त सिन्सियर. त्यामुळे ‘मला सतत थकल्यासारखं वाटतं’ असं कुणी म्हटलं, की आपण सहानुभूतीने मान हलवतो आणि कॉफी पाजतो. ते जेवणानंतर लगेच असेल, तर उरलंसुरलं लोहही घालवतो. खरं तर तिला एकच प्रश्न विचारायला हवा, ‘‘शेवटचं हिमोग्लोबिन कधी तपासलंस?’’ स्वतःलाही विचारून बघा. बहुतेकांना शेवटच्या अप्रेझलचं रेटिंग पाठ असतं, हा आकडा नसतो.

सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही. आज लंच ब्रेकमध्येही होते.